टालिनला निघण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

एस्टोनियातल्या टालिनला वर्षभर राहून काम करायचा तुझा बेत कळला. पण तुझ्या पत्रात एक घोळ आहे, तो आधी निस्तरू. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी म्हणजे तिथे राहायचा परवाना नव्हे. २०१४ पासून मिळणाऱ्या त्या कार्डावर तू पुण्यात बसून तिथे कंपनी काढशील, डिजिटल सह्या करशील. विमानतळावर त्याचा काडीचा उपयोग नाही. राहायला व्हिसाच हवा. दुसऱ्या देशातलं काम तिथे बसून इंटरनेटवरून करणाऱ्यांसाठीचा डिजिटल नोमॅड व्हिसा २०२० मध्ये निघाला तेव्हा महिना ३,५०४ युरो कमाईची अट होती, पुढे ती ४,५०० वर गेली. तेवढी कमाई नसेल तर ओढूनताणून आकडे जुळवू नकोस, आधी महिनाभर नुसती फिरून ये.

आणि ये ती डिसेंबरात. जूनमध्ये कुणीही त्या गावाच्या प्रेमात पडतं! तुझं ऑफिस भारतातलं, म्हणून हिशेब मांडून बघ. हिवाळ्यात टालिन आपल्या साडेतीन तास मागे. इथल्या दहा ते सातच्या वेळेत काम केलंस, तर तिथे पहाटे साडेसहाला बसायचं, दुपारी साडेतीनला उठायचं. डिसेंबरात सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. म्हणजे दिवसभराचं ऊन खिडकीतूनच. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे फार जड गेलं. जूनमध्ये फरक अडीच तासांचा, साडेचारला मोकळी झालीस की रात्री साडेदहापर्यंत उजेड. तेव्हा मात्र त्या गावासारखं गाव नाही.

गाव म्हणजे खरंच गाव. राजधानी असून वस्ती साडेचार लाखांच्या आसपास, आपल्या कोल्हापूरहून कमी. विमानतळावरून ट्रामने शहरात. तेलिस्किवीत रेल्वेच्या जुन्या कारखान्यांत आता कॅफे नि ऑफिसं आहेत, तिथून तटबंदीतलं जुनं शहर चालत गाठता येतं. कंटाळलीस तर बोटीने दोन तासांत हेलसिंकी. लोक मात्र अबोल. शेजारी आपणहून चौकशी करील ही आशा सोड.

कराचं सीएला आत्ताच विचार. बारा महिन्यांत १८३ दिवस राहिलीस की तिथली करदाती ठरतेस.

आणि पोचल्यावर पहिली खरेदी हेल्कुरची. कोटाला लटकवायचा चमकता तुकडा असतो, गाडीच्या दिव्यात उजळतो. अंधारात पायी चालताना तो लावणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. दोन घे, एक हरवतोच.