टाकीतलं पाणी आधी बघ

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन महिने बेटावरच्या इको-व्हिलेजमध्ये, म्हणजे निसर्गाला धक्का न लावता एकत्र राहणाऱ्या माणसांच्या छोट्या वस्तीत, राहायचं ठरवलंस आणि मला विचारलंस, तिथे जाऊन काय काय बघू. बघण्यासारखं पुष्कळ आहे, ते तुझं तुला सापडेल. मी मात्र पाण्याबद्दल लिहिणार आहे. तिथला सगळा दिवस पाण्याभोवती फिरतो, आणि पाहुण्याची पहिली चूक बहुधा तिथेच होते. माझी झाली होती.

मी पोहोचले तेव्हा बारा दिवस पाऊस नव्हता. प्रवासाने अंग चिकट झालेलं, हवा दमट, म्हणून सकाळ-संध्याकाळ मनसोक्त अंघोळ केली आणि सोबतचे सगळे कपडे धुऊन टाकले. छपरावरून येणारं पावसाचं पाणी साठवायची टाकी सांभाळणाऱ्या बाई रोज पहाटे खुणा केलेला बांबू आत बुडवून पाण्याची उंची वहीत लिहायच्या. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त त्या आठवड्यातली सगळ्यांची कपडे धुण्याची पाळी पुढे गेली. का, ते मला चौथ्या दिवशी एका लहान मुलाकडून कळलं. अजूनही आठवलं की वाईट वाटतं, म्हणून तुला आधीच सांगते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. ५० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटरची चांगली सर आली, तर फार तर १००० लिटर. त्यातलंही पहिलं पाणी टाकीत घेत नाहीत. ते धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन आणतं, म्हणून बाहेर सोडतात. उरलेलं वीस माणसांत वाट. माणशी ५० लिटरही येत नाही, आणि शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलीस तर तेवढं सहज संपतं. बादली आणि तांब्या घे. दुपारी उन्हात तापलेल्या पाण्याने अर्ध्या बादलीत छान अंघोळ होते.

विहीर असते ना, असं तुझ्या मनात येईल. सखल, प्रवाळाच्या किंवा वाळूच्या बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला हलकं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. हे प्रमाण उलट्या बाजूनेही चालतं. उपशाने वरची पातळी थोडी खाली गेली, की खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. विहीर एकदा खारट झाली की गोडी व्हायला एक पावसाळा पुरेलच असं नाही. म्हणून तिथे पंप दिवसभर चालू ठेवत नाहीत, थोडं थोडं उपसतात.

आता संडासाचं. तू विचारायला लाजलीस, ते पत्रातून कळलं. तिथे कोरडा संडास असेल आणि त्याचं कारणही हेच पाणी आहे. वाळूच्या आणि प्रवाळाच्या जमिनीतून मैलापाणी झरझर खाली उतरतं आणि थेट विहिरीच्या पाण्यात मिसळतं. कोरड्या संडासात पाणी ओतायचं नसतं. प्रत्येक वेळी वरून लाकडाचा भुसा, सुका पाला किंवा काथ्याचा भुगा टाकायचा, मैला पूर्ण झाकेपर्यंत. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असं समज आणि भुसा वाढव. भरलेला कप्पा बंद करून उष्ण हवेतही वर्षाहून जास्त ठेवतात, मग ते खत झाडांना जातं. प्रतिजैविकं घेत असशील तर तिथल्या माणसांना सांग. संकोच करू नकोस, त्या खताची काळजी घेणाऱ्या माणसाला ते कळायलाच हवं.

डासांकडे दुर्लक्ष करू नकोस. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून बादली नुसती उपडी करून भागत नाही, आतून घासावी लागते. करवंट्यासुद्धा पालथ्या घाल.

विजेचं थोडक्यात. सौर पॅनेल आणि बॅटरीवर दिवे, पंखा, फोन चालतो. पाणी उकळायची किटली एकटीच दीड-दोन हजार वॉट ओढते, ती नेऊच नकोस. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत गडद अंधार होतो. टॉर्च खिशात असू दे. नारळाखाली झोपाळा बांधू नकोस. प्रवाळाने खरचटलं तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धू, दमट हवेत जखम चिघळते. उन्हासाठी लांब बाह्यांचा सदरा बरा. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक म्हणून पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून तशा सनस्क्रीनवर बंदी आणली, तेव्हा नेलंस तर आधी त्यातले घटक वाच.

रॉबर्ट आणि डायन गिलमन या दांपत्याने १९९१ साली एका अहवालात इको-व्हिलेज म्हणजे काय ते मांडलं, त्यातली एक गोष्ट मला फार पटते: ही वस्ती माणसाच्या आवाक्यातली असावी, जिथे राहणं, अन्न पिकवणं, काम, करमणूक सगळं एका जागी असतं. म्हणजे तू कुणाच्या तरी घरात जाते आहेस. पोहोचल्यावर भिंत लिंपायचं, फोटोत छान दिसेल असं काम मागू नकोस. रोजचं, कंटाळवाणं, कुणालाच नको असलेलं एक काम माग आणि ते निघायच्या दिवसापर्यंत सोडू नकोस. पाहुणे उत्साहाने सुरू करतात आणि दहाव्या दिवशी सोडतात. मग तिथल्या माणसाला आपल्या कामात तेही धरावं लागतं. मला शेवटी पाण्याची उंची मोजायचं काम मिळालं. त्या बाईंनी बांबू हातात दिला तो सकाळचा क्षण मला कुठल्याही सूर्यास्तापेक्षा जास्त आठवतो.

निघायच्या आदल्या दिवशी तुझी बादली घासून पालथी ठेव. कुठला नळ ठिबकतो आणि कुठल्या खुणेच्या खाली पाणी गेलं की कुणाला सांगायचं, ते पुढच्या पाहुण्याला दाखव.

तुझी,
मावशी