फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गाडी छोटी: नाथसागरावर कयाक आणि पॅडलबोर्ड न्यायला-ठेवायला काय सामान घ्यावं?

तुम्ही राहता छत्रपती संभाजीनगरात, लिफ्ट नाही, गाडी हॅचबॅक, आणि घ्यायचाय एक प्लास्टिकचा कयाक (बसून वल्हवायची अरुंद होडी) नि एक हवेचा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी). माझं ऐकाल तर कयाक शहरात आणूच नका. १० फुटी कयाक २० ते २५ किलोचा भरतो. जिन्याच्या वळणावर शेजाऱ्यांच्या भिंतीचा रंग निघणार, आणि दर सुट्टीला नाथसागरापर्यंत, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयापर्यंत, ५० किलोमीटर टपावरून वरात काढायची ती वेगळीच. पैठणकडे कुणा ओळखीच्याचं शेत असेल तर तिथेच ठेवा; माझाही तसाच असतो. बोर्ड गुंडाळून डिकीत बसतो, तो घरी.

शेतावर पत्र्याची शेड दिसली की लगेच हरखू नका. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि वजन जिथे टेकलंय तिथे तळाला पोचा पडतो. गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, दोन आडव्या बल्ल्यांवर कयाक पालथा किंवा कुशीवर ठेवा. बल्ल्या दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर हव्यात. त्यांवर एसीच्या पाइपला घालतात तो काळा फोम चढवा, स्वस्तात काम होतं. हँडलला दोरी बांधून महिनोनमहिने टांगू नका. आतलं पाणी काढायचं बूच उघडं ठेवा. आणि पाण्यात नेण्याआधी उलटा करून दणादण आपटा. विंचवाला ती जागा फार आवडते.

टपावरून न्यायचाच झाला तर आधी गाडीच्या पुस्तिकेत टपाची भारमर्यादा बघा, रॅकचं वजनही त्यातच धरायचं असतं. बेल्ट साध्या बकलचे घ्या, हाताने ओढून आवळता येणारे. मालवाहू गाड्यांवरचे खटक्याचे रॅचेट बेल्ट इतके आवळले जातात की प्लास्टिक चेपतं. बेल्टला एखादा पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात घोंघावणार नाही. पुढचं आणि मागचं टोक दोरीने बंपरखाली बांधायचं, ही गोष्ट बहुतेक जण टाळतात. पैठण रोडला समोरून मोठा ट्रक सुसाट गेला की पुढचं टोक कसं उचकतं ते काचेतून बघा, पुन्हा टाळणार नाही. मागे लाल फडकं.

कयाक काठापर्यंत ओढायच्या चाकांच्या ट्रॉलीवर मात्र पैसे खर्च करा. उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे सरकतं आणि गाडी उभी करतो तिथपासून काठापर्यंत काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पाय टाकला की खाली ओला. अरुंद, कडक चाकं त्यात रुततात. चिखल चाक आणि फ्रेमच्या मधे गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि ट्रॉली नांगरासारखी ओढावी लागते. रुंद, हवेची चाकं घ्या आणि चिखल खरवडायला एक काडी जवळ ठेवा.

बोर्डाचं सामान थोडकं. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा पंप, पंक्चरचे पॅच, व्हॉल्व्ह आवळायचा पाना. बोर्डात ३० अंशांना १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि उन्हात आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब जवळजवळ ३ पीएसआयने वाढतो. जेवायला काठावर बसलात की बोर्ड सावलीत ओढा, नाहीतर थोडी हवा सोडा. फिन (बोर्डाखालचं पातं) काढून, पुसून, पूर्ण कोरडा करूनच गुंडाळा. त्या पिशवीत चिवड्याची पुडी राहू देऊ नका, उंदीर पुडीसकट बोर्डही कुरतडतील.

हे सगळं विकत घेण्याआधी एक काम. जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे कुठे आणि केव्हा पाण्यात उतरता येईल ते वनविभागाकडे विचारा. हिवाळ्यात फ्लेमिंगो आलेले असताना तर नक्कीच. लाइफ जॅकेटचं वेगळं सांगायला नको.