ऑपेराला पहिल्यांदाच जाताय? टाळी कधी, खुर्ची कुठली

प्रश्न : शहरात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि ऑपेराचा नवा हंगाम सुरू होतोय. आम्ही पहिल्यांदाच जाणार आहोत. टाळ्या कधी वाजवायच्या? ऑपेरासाठी अगदी पुढची तिकिटं घ्यावीत का?

उत्तर : सिम्फनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, बहुधा चार भाग असतात, दोन भागांमधल्या शांततेत टाळी नको. नुसते भाग मोजून मात्र भागत नाही. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीत तिसरा भाग न थांबता थेट चौथ्यात शिरतो. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा (१८९३) तिसरा भाग इतक्या दणक्यात थांबतो, की सगळं संपलं असं वाटून टाळ्या पडतात आणि पुढच्या संथ, विझत जाणाऱ्या भागाची सुरुवातच त्यात बुडते. फार वाईट वाटतं तेव्हा! म्हणून कंडक्टरचे, म्हणजे वाद्यवृंदाला हातांनी इशारे देणाऱ्याचे, हात पाहा. ते पूर्ण खाली येऊन तो प्रेक्षकांकडे वळला, की मनसोक्त वाजवा.

ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, जरा मोकळीक असते. मोझार्ट किंवा व्हर्डीच्या ऑपेरात एखादं एकल गीत रंगलं, तर लगेच दाद द्यावी. वाग्नरच्या उत्तरकाळातल्या ऑपेरांत संगीत अखंड वाहतं, तिथे अंक संपेपर्यंत थांबा.

पहिली रांग टाळाच. वाद्यवृंद समोरच्याच खड्ड्यात असतो, त्यामुळे जवळची वाद्यं अंगावर येतात, आणि रंगमंचाच्या वर भाषांतर झळकत असेल तर ते वाचताना मान अवघडते. पहिल्या बाल्कनीचा मध्य उत्तम, तिथे गळा आणि वाद्यं छान मिसळून येतात. बाल्कनीच्या खालच्या, अगदी मागच्या खुर्च्यांत आवाज दबतो.

कथासार घरूनच वाचून जा.