पाडलेला पब परत उभा राहतो तेव्हा

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. यंदा गेलो तेव्हा त्याने कार्लटन टॅव्हर्न नावाच्या पबात नेलं आणि म्हणाला, बाबा, हा पब पाडला होता, कोर्टकचेऱ्या करून परत बांधायला लावला. फेकतोय का? आणि दारूच्या गुत्त्याचं कसलं आलंय हेरिटेज?

उत्तर : नाही हो काका, पोरगं खरं बोलतंय! मेडा व्हेल भागातला हा पब 1920-21 मध्ये बांधलेला, दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात त्या रस्त्यावर हाच तेवढा टिकला असं सांगतात. मालक कंपनीला तिथे फ्लॅट बांधायचे होते, परवानगी मिळाली नाही आणि वर सरकारी वारसा यादीत नाव लागायला जेमतेम काही दिवस उरलेले, मग काय, एप्रिल 2015 मध्ये सरळ बुलडोझर घातला. आपल्याकडे असतं तर दंड भरून टॉवर उभा राहिला असता, खरं सांगा.

पण लोकांना आधीच वास आला होता. त्यांनी हेरिटेजवाल्यांच्या मागे लागून इमारतीची नोंद करवून घेतली होती, फोटो तर काढलेच पण टाइल्सचे प्लॅस्टरचे साचेसुद्धा घेऊन ठेवलेले, त्यामुळे "आता कसं बांधणार, नक्शाच नाही" म्हणायची सोयच उरली नाही. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, आदेश काढला, होता तस्साच बांधा, विटेला वीट. कंपनी अपिलात गेली आणि 2016 मध्ये हरली. ढिगाऱ्यातनं वाचलेला मालही परत वापरलाय.

गुत्त्याबद्दल म्हणाल तर पब म्हणजे मुळात पब्लिक हाऊस. आपल्या इराण्याच्या हॉटेलात कसं, एका चहावर तासभर बसा, कोणी उठवत नाही, गल्लीतल्या बातम्या तिथेच कळतात, तसंच हे, फक्त चहाऐवजी बिअर. नुसती दारूच हवी असती तर लोक दुकानातनं आणून घरी प्यायले असते, सहा वर्षं कशाला भांडत बसले असते? याच लंडनमध्ये आयव्ही हाऊस नावाचा पब तर 2013 मध्ये आजूबाजूच्या लोकांनी एकत्र येऊन विकतच घेतला.

आणि गंमत बघा, कार्लटन उघडला एप्रिल 2021 मध्ये, ऐन कोरोनात. आत बसायला बंदी, त्यामुळे पहिली गिऱ्हाइकं बाहेर थंडीत बसून प्यायली.