डिझाइन लीड झाल्यावर ध्येय कशाचे ठेवावे?

बढती मिळाली की आपली हातातली कला सुटेल आणि नेतृत्वही धड जमणार नाही, ही चिंता डिझाइन क्षेत्रातील अनेक जण माझ्याकडे मांडतात. नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्रात नोकरी करणाऱ्या, नुकत्याच डिझाइन लीड (म्हणजे डिझाइनरांच्या चमूच्या प्रमुख) झालेल्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) म्हणाल्या, "मॅडम, दिवसभर मीटिंगा होतात आणि संध्याकाळी वाटतं, मी आज काहीच केलं नाही."

मी त्यांची ध्येयांची यादी मागितली. तिच्यात इतक्या स्क्रीन, इतकी आयकॉन, असे सगळे स्वतःच्या हातचे कामच होते. रात्री जेवण आटोपल्यावर त्या ज्युनिअरची फिग्मा (डिझाइनचे सॉफ्टवेअर) फाइल उघडून बटणांमधील अंतर बारावरून सोळा पिक्सेल करीत. सकाळी त्या मुलाला बदललेली फाइल दिसे, कारण मात्र कळत नसे.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या ध्येयांविषयीच्या संशोधनातील एवढेच कार्यालयांत सांगितले जाते की, नेमके आणि अवघड ध्येय ठेवल्याने कामगिरी सुधारते. काम नवे व गुंतागुंतीचे असून ते करण्याची रीतच अजून उमगलेली नसेल, तर निकालाच्या आकड्यापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते, हेही त्याच संशोधन-परंपरेतून पुढे आले आहे, आणि नव्या लीडला माझ्या मते त्याचीच जास्त गरज असते. म्हणून आम्ही लिहिले: 'चूक स्वतः न सुधारता ती ज्युनिअरला दिसावी, यासाठी अभिप्राय देण्याच्या तीन पद्धती या तिमाहीत वापरून पाहीन.'

रात्रीची सवय निश्चयाने सुटणारी नव्हती. तिथे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांची जर-तर योजना, म्हणजे अमुक घडले तर काय करायचे हे आधीच ठरवणे, कामी आली: 'फाइलमध्ये हात घालावासा वाटला, तर कमेंटमध्ये एक प्रश्न लिहीन आणि लॅपटॉप मिटेन.' पहिला प्रश्न होता, "हे बटण अंगठ्याने दाबताना शेजारचं दाबलं जाईल का?" मुलाने दुसऱ्या दिवशी अंतर स्वतःच वाढवले आणि इतर दोन स्क्रीनही तपासल्या.

कला पूर्ण सोडा, असा सल्ला मी कधीच देत नाही. आठवड्यातील एक सकाळ त्यांनी स्वतःच्या डिझाइनसाठी राखली आहे. अडचण आता मूल्यमापनाच्या फॉर्मची आहे, कारण त्यात अजूनही त्यांच्या स्वतःच्या स्क्रीनच मोजल्या जातात. वरिष्ठांकडे त्यात कोणता बदल मागायचा, याची तयारी आम्ही सध्याच्या सत्रांत करीत आहोत.