सॉलिसिटर कोणी निवडायचा?

प्रश्न : इंग्लंडमध्ये आम्ही पहिले घर घेत आहोत. घर दाखवणाऱ्या एजंटाने सुचवलेलाच सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) नेमावा का?

उत्तर : तसे बंधन नाही. अशा शिफारशीमागे अनेकदा एजंटाचे कमिशन असते, म्हणून ते आधी विचारावे. तुम्ही निवडलेला सॉलिसिटर कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या मान्यताप्राप्त वकिलांच्या यादीत, आहे ना, हे मात्र प्रथम पाहावे. नसल्यास बँकेसाठी वेगळा वकील नेमावा लागून खर्च वाढू शकतो. करारांची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्यांचे करार एकमेकांना देऊन व्यवहार बंधनकारक होईपर्यंत, कोणताही पक्ष सहसा माघार घेऊ शकतो, त्यानंतर मात्र माघार घेतल्यास तुम्हाला अनामत रक्कम, जी बहुधा किमतीच्या १० टक्के असते, गमवावी लागू शकते. त्यामुळे घराविषयीचे स्थानिक प्रशासनाकडील शोध-अहवाल (तेथील नोंदींची तपासणी) आणि सॉलिसिटरच्या प्रश्नांना विक्रेत्याने दिलेली उत्तरे समजून घेतल्याशिवाय सॉलिसिटरला अदलाबदलीची संमती देऊ नये, एजंट कितीही घाई करो. पैसे पाठवायचे सॉलिसिटरचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आल्यास तो फसवा असू शकतो, म्हणून त्याच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.