इम्पेलर बदलण्याआधी सक्शन लाइन बघा

तुम्ही लिहिलंय की 80 अंशांच्या गरम पाण्याचा पंप खडी भरल्यासारखा वाजतो, वर्षभरात दोन इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक) गेले आणि आता स्टेनलेस स्टीलचा टाकावा का. टाकलात तर थोडा जास्त टिकेल, पण खडखड थांबणार नाही.

काढलेला इम्पेलर हातात घ्या. पाणी शिरतं त्या कडेच्या जरा पुढे, पात्यावर बोट फिरवा. स्पंजासारखी खरखरीत भोकं लागली तर ते कॅव्हिटेशनच. कमी दाबात पाण्याची वाफ होते आणि पुढे दाब वाढला की तेच बुडबुडे तिथे फुटतात.

आता हिशोब. पाणी पंपाकडे ढकलणारा हवेचा दाब समुद्रसपाटीला 10.3 मीटर पाण्याइतका. 30 अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब त्यातले 0.4 मीटर खातो, 80 अंशांच्या पाण्याचा जवळपास 5 मीटर! म्हणून थंड पाण्यावर बिनतक्रार चाललेली सक्शन लाइन (टाकीतून पंपाकडे पाणी आणणारा पाइप) गरम पाण्यावर मार खाते. शिवाय कॅटलॉगमधला एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी लागणारा किमान दाब) हा हेड, म्हणजे पंप देतो तो दाब, 3 टक्के पडल्यावरचा आकडा असतो, तेवढाच मिळाला म्हणजे भागलं असं नाही.

तुमचा प्रवाह तासाला 40 घनमीटर आणि सक्शन पाइप 80 मिमीचा, म्हणजे वेग सेकंदाला 2.2 मीटर. 125 मिमी केलात तर 0.9. घर्षण वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे तोटा सहा पटींहून जास्त कमी होईल. पंपाचं तोंड 80 चं म्हणून लाइनही 80 ची, ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

मोठी लाइन पंपाच्या तोंडाला जोडणारा निमुळता तुकडा, म्हणजे रिड्युसर, एक्सेंट्रिकच (एका बाजूने सपाट) घ्या, आडव्या लाइनीत सपाट बाजू वर. एका साखर कारखान्यात तिथे कॉन्सेंट्रिक (सगळ्या बाजूंनी सारखा निमुळता) होता. वरच्या कोपऱ्यात हवा साठायची, पंप मधूनच पाणी ओढणं सोडायचा आणि आम्ही आठवडाभर सील उघडत बसलो होतो. एल्बो (पाइपचं वळण) थेट पंपाच्या तोंडाला नको, मध्ये व्यासाच्या 5 ते 10 पट सरळ पाइप ठेवा. स्ट्रेनरची जाळी साफ आणि सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा.

आज एवढं करा: डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपाच्या पुढचा) जरासा बंद करा. आवाज उतरला तर माझं निदान बरोबर. सक्शन फ्लँजजवळच्या गेजचा आकडा आणि टाकीतली पातळी इथे लिहा, पुढचा हिशोब मी करून देतो.